विचारा, सांगतो : विमान गेलं कुठं?

प्रश्न : मलेशियाचं ते बेपत्ता झालेलं विमान (एमएच ३७०) पळवून बेटावर लपवलंय, असं आमच्या सात रस्त्याच्या टपरीवर एक जण शपथेवर सांगतो. खरं काय? – यंत्रमाग कामगार, सोलापूर

उत्तर : दादा, २०१४ मध्ये मीही हेच बोलत होतो. हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सिया बेटावर, अमेरिकेच्या लष्करी तळाला उतरवलं म्हणून मित्राशी अर्धा किलो शेंगाचटणीची पैज लावली!

८ मार्चला क्वालालंपूरहून बीजिंगला निघालेलं ते बोइंग ७७७, आत २३९ माणसं. वाटेत ते नागरी रडारवरून गायब झालं. लष्करी रडारवर मात्र मागं वळलेलं दिसलं. पुढं सकाळी ८.१९ पर्यंत उपग्रहाकडं त्याची आपोआप हजेरी लागत होती, खात्यावर मुकादम मांडतो तशी. संदेश पोचायला लागलेल्या वेळेवरून विमान उपग्रहापासून किती लांब, ते कळतं. नेमकी जागा नाही. म्हणून नकाशावर ठिपक्याऐवजी लांबलचक कमान आली, दक्षिण हिंदी महासागरातली.

जुलै २०१५ मध्ये हिंदी महासागरातल्याच रियुनियन बेटावर पंखाचा तुकडा वाहून आला. तो त्याच विमानाचा निघाला. लपवलेल्या विमानाचा पंख समुद्रात कसा तरंगेल, हे टपरीवर विचारा.

ते का वळलं, हे मलेशियाच्या २०१८ च्या चौकशी अहवालालाही ठरवता आलं नाही. त्यावर खुशाल भांडा. चटणी मी तुकडा सापडल्यावर दिली.