आठवीच्या वर्गात तारेचे चेहरे करायचेत. तार कोणती घ्यावी, सुरुवात कशी करावी?

अ‍ॅल्युमिनियमची, साधारण दीड मिलिमीटर जाडीची. बांधकामाची बाइंडिंग तार स्वस्त पडते, पण कोल्हापूरच्या पावसाळ्यात टिकत नाही. मी एकदा तीच दिली आणि जुलैत वर्गाच्या भिंतीवर प्रत्येक चेहऱ्याखाली तांबडे ओघळ!

आधी पेन न उचलता शेजाऱ्याचा चेहरा कागदावर काढायला लावा. तीच रेघ मग तारेची. मुलं डोळे, नाक, ओठ सुटे करून आणतात आणि "सर, आता हे चिकटवू कशाने?" म्हणतात. त्याऐवजी भुवईवरून सरळ नाकाच्या दांड्यावर उतरायचं, नाकपुडीला वेटोळं द्यायचं, परत वर चढून दुसरी भुवई. शेवटी नाक थोडं पुढे ओढलं की सपाट चित्राचं शिल्प होतं. अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर काल्डर १९२०च्या दशकात पॅरिसमध्ये अशीच व्यक्तिचित्रं करायचा. त्या चेहऱ्यांचे फोटो दाखवा, पण नंतर, नाहीतर सगळे त्याचीच नक्कल करतात.

एकाच जागी तार पुन्हा पुन्हा वाकवली की कडक होऊन तुटते. टोकं मात्र पकडीने आत दुमडून घ्याच. हुपरीच्या चांदी कारागिरांच्या घरचं पोर वर्गात असेल, तर पक्कड त्याच्या हाती द्या.