पिकअपचे मागचे ब्रेक पॅड वेळेआधी झिजले, तर नवे बसवण्यापूर्वी काय तपासावे?

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे की पिकअपचे मागचे पॅड पुढच्यांच्या आधीच संपले, त्यातही मागच्या डाव्या चाकाचा आतला पॅड थेट लोखंडी पट्टीपर्यंत घासला गेला आणि मागच्या उरलेल्या तीन पॅडांवर मात्र बराच थर शिल्लक आहे. गॅरेजमध्ये फक्त पॅड बदलून घेण्याचा सल्ला मिळाला, आणि ते काम स्वतः करता येईल का, असे आपण विचारले आहे. हाताशी योग्य अवजारे असतील आणि थोडा संयम असेल, तर काम निश्चितच करता येईल. गॅरेजच्या सल्ल्याशी मात्र मी सहमत नाही, कारण चारपैकी एकच पॅड संपला असेल तर तिथे पॅड हे केवळ लक्षण आहे. मूळ दोष तसाच ठेवून नवा पॅड बसवला, तर तोही त्याच वेगाने संपेल.

मागचे पॅड आधी झिजणे हा नेहमीच बिघाड असतो, असे नाही. ब्रेक लावताना वाहनाचे वजन पुढे झुकते आणि जोरात थांबताना बहुतेक काम पुढची चाके करतात, म्हणून पुढचे पॅड आधी संपावेत ही आपली अपेक्षा असते. परंतु ब्रेकच्या दाबाची इलेक्ट्रॉनिक पद्धतीने वाटणी करणाऱ्या अनेक नव्या वाहनांमध्ये, हलका ब्रेक लावताना नाक खाली जाऊ नये म्हणून मागच्या चाकांना अधिक वाटा दिला जातो. शिवाय घसरण रोखणारी यंत्रणा चालकाच्या नकळत मागचे ब्रेक वापरते, आणि पुढच्या चाकांनी उडवलेला चिखल व वाळू मागच्या ब्रेकवरच येऊन बसते. हौद्यात सतत माल असेल किंवा स्वतःचे ब्रेक नसलेला ट्रेलर ओढला जात असेल, तर झीज आणखी वाढते. चारही मागचे पॅड सारखेच झिजले असते, तर मी आपल्याला पॅड बदला आणि उतारावर खालचा गिअर वापरा, इतकेच सांगितले असते.

जुने पॅड काढल्यावर ते लगेच टाकून देऊ नयेत. कोणता पॅड कोणत्या चाकाचा, आतला की बाहेरचा, हे त्यांच्या पाठीवर खडूने लिहून चारही ओळीने मांडावेत. एकाच चाकाचे दोन्ही पॅड सारखेच संपले असतील, तर त्या बाजूचा रबरी होज (ब्रेक ऑइल नेणारी नळी) किंवा हँडब्रेकची केबल संशयित ठरते. दोन्ही बाजूंचे पॅड लवकर संपले असतील, तर हँडब्रेक जरुरीपेक्षा अधिक आवळलेला आहे का, हे पाहावे लागते. एखादा पॅड एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ असेल, तर कॅलिपर (पॅडांना चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर दाबणारी पकड) ज्यांवर सरकतो, त्या दोनपैकी एक पिन अडकलेली असते किंवा पॅडचे कान, म्हणजे त्याची दोन्ही टोके, ब्रॅकेटमध्ये (पॅड धरून ठेवणाऱ्या चौकटीत) रुतलेले असतात. आपल्याप्रमाणे केवळ आतला पॅड संपला असेल, तर बहुधा कॅलिपर आपल्या पिनांवर सरकत नसतो किंवा त्याच्यातला पॅड ढकलणारा पिस्टन मागे येत नसतो.

असे का होते, हे समजून घेण्यासारखे आहे. बहुतेक पिकअपच्या मागच्या कॅलिपरमध्ये पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने संपूर्ण कॅलिपर पिनांवरून सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. पिना गंजल्या की हे सरकणे थांबते आणि बाहेरच्या पॅडचे काम आतल्यावर पडते. पायडलवरचा दाब सुटल्यावर पिस्टनला मागे खेचणारी वेगळी स्प्रिंग तिथे नसते. ब्रेक लावताना किंचित मुरडलेले पिस्टनभोवतीचे रबरी सील पूर्ववत होताना त्याला अगदी थोडेसे मागे आणते. पिस्टनवर गंज चढला असेल, तर एवढा जोर पुरत नाही आणि पॅड डिस्कला चिकटून राहतो.

कॅलिपर सोडवण्यापूर्वी एक चाचणी अवश्य करावी. सपाट, टणक जमिनीवर पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत. हँडब्रेक सोडलेला असणार आणि गिअर न्यूट्रलमध्ये असणार, त्यामुळे वाहन या ठोकळ्यांवरच थांबलेले असते. चाकांचे नट जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत, मागचा भाग उचलून दोन मजबूत स्टँडवर टेकवावा, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर वाहनाखाली हातही घालू नये. आता प्रत्येक चाक हाताने फिरवून पाहावे. गिअर आणि डिफरन्शियलमुळे थोडा जडपणा जाणवेलच, म्हणून डाव्या-उजव्याची तुलना महत्त्वाची आहे. कोणाकडून तरी ब्रेक दाबून सोडवावा आणि पुन्हा फिरवावे. मग हँडब्रेक ओढून सोडावा आणि पुन्हा फिरवावे. ब्रेकनंतर डावे चाक जड झाले, तर कॅलिपरवरचा ब्लीड निपल (ऑइल व हवा बाहेर काढण्याची छोटी तोटी) क्षणभर उघडावा. थोडे ऑइल जोराने बाहेर येऊन चाक मोकळे झाले, तर दाब आत अडकून राहत होता, आणि बहुधा होज आतून फुगून बंद झालेला आहे. निपल उघडूनही चाक जडच राहिले, तर दोष पिस्टन, पिना किंवा हँडब्रेक यांच्यात आहे.

यानंतर आपल्या पिकअपचा हँडब्रेक कोणत्या प्रकारचा आहे, हे वाहनाच्या सर्व्हिस पुस्तिकेतून नक्की करून घ्यावे, कारण या कामातील सर्वात महाग नुकसान इथेच होते. काही वाहनांत डिस्कच्या मधल्या पोकळ भागात छोटे ड्रम ब्रेक असतात. तिथे पिस्टन सरळ दाबून आत जातो. काहींत हँडब्रेकची यंत्रणा कॅलिपरमध्येच असते. असा पिस्टन सरळ दाबायचा नसतो, तर विशिष्ट अवजाराने फिरवत आत न्यायचा असतो. कॅलिपरवर इलेक्ट्रिक मोटर असेल, तर आधी वाहन सर्व्हिस मोडमध्ये घालून मोटर मागे घ्यावी लागते. ते न करता क्लॅम्पने जोर लावला, तर आतील यंत्रणा तुटते आणि पॅडच्या कामाचे रूपांतर कॅलिपर बदलण्यात होते.

प्रत्यक्ष काम एका वेळी एकाच चाकाचे करावे, म्हणजे अडल्यास दुसरे चाक नमुना म्हणून समोर राहते. कॅलिपर सुटला की तो तारेने वर बांधून ठेवावा. होजवर लोंबकळत ठेवला, तर चांगला होजही आतून फाटतो. ब्रेकची धूळ हवेच्या झोताने उडवू नये. ती फुप्फुसांना अपायकारक असते आणि जुन्या पॅडांमध्ये ॲस्बेस्टॉसही असू शकते. ब्रेक क्लीनर मारून ती ओली करून पुसावी. पिना बाहेर काढून त्यांवरचा जुना ग्रीस पूर्ण पुसावा आणि त्यांच्या भोकांतली घाणही काढावी. पिनेवर गंजाचे खड्डे असतील, तर नवी पिन आणि नवा रबर बूट घ्यावा, कारण खड्ड्यांवर कितीही ग्रीस लावला तरी तो तात्पुरता ठरतो.

घाईत वगळली जाणारी पायरी ब्रॅकेटची आहे, आणि मला विचाराल तर पॅडांच्या दर्जापेक्षाही तिच्यावर अधिक वेळ द्यावा. पॅडचे कान ज्या स्टीलच्या पातळ क्लिपांवर सरकतात, त्यांच्या खाली गंज साठतो, क्लिपांना उचलतो आणि पॅडची जागा आवळतो. क्लिपा काढून तारेच्या ब्रशने आणि बारीक कानशीने तो गंज निखळ धातूपर्यंत घासावा, नव्या क्लिपा बसवाव्यात आणि नवा पॅड बोटाच्या हलक्या जोराने सरकतो की नाही, हे पाहावे. हातोडी मारून बसवावा लागणारा पॅड पुढे अडकणारच. पिनांसाठी रबराला चालणारा सिलिकॉनचा ग्रीस वापरावा. साधा पेट्रोलियमचा ग्रीस लावल्यास रबर फुगते आणि पिना पुन्हा अडकतात. पॅडच्या कानांवर आणि पाठीवर उष्णता सहन करणारा ग्रीस अगदी पातळ लावावा. त्याचा थेंबही घर्षणाच्या बाजूला लागू देऊ नये.

पिस्टन मागे ढकलताना ब्रेक ऑइलच्या डबीतील पातळी वाढते, म्हणून आधी थोडे ऑइल काढून ठेवावे; ते रंगावर सांडले तर रंग खाते. रबर बूट फाटलेला असेल, पिस्टनवर गंज दिसत असेल किंवा तो अडखळत आत जात असेल, तर कॅलिपर बदलावा. किट आणून तो दुरुस्त करता येतो, परंतु घरी पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याने तो प्रयोग ब्रेकवर करू नये, असे माझे मत आहे.

आपला एक पॅड लोखंडापर्यंत गेला असल्याने डाव्या डिस्कची आतली बाजू खास पाहावी लागेल. चाक लावलेले असताना ती दिसतच नाही. डिस्कची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते. मायक्रोमीटरने अनेक ठिकाणी जाडी मोजावी आणि ती या मर्यादेखाली किंवा तिच्या अगदी जवळ असेल, अथवा नखाला अडणारे खोल चरे पडले असतील, तर दोन्ही बाजूंच्या डिस्क बदलाव्यात. पॅड तर नेहमी मागचे चारही एकत्रच बदलायचे असतात, नाहीतर ब्रेक एका बाजूला ओढतो. नव्या पॅडवर साधारण १० ते १२ मिमी थर असतो आणि तो ३ मिमीवर आला की बदलणे योग्य. पॅड संपत आल्याचे सांगणारी, आवाज करणारी पट्टी कोणत्या पॅडवर आणि कोणत्या टोकाला होती, हे जुन्या पॅडावरून ताडून घ्यावे.

सर्व बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कनुसारच, म्हणजे तिथे नेमून दिलेल्या पिळाच्या जोराने, आवळावेत. इंजिन सुरू करून वाहन हलवण्यापूर्वी ब्रेक पायडल कडक होईपर्यंत अनेकदा दाबावे. पिस्टन मागे गेलेला असल्यामुळे पहिल्या काही दाबांत पायडल थेट तळाला जाते, आणि हे जर रस्त्यावर गेल्यावर कळले तर फार उशीर झालेला असतो. निपल उघडला असेल, तर त्या बाजूची हवा काढावी आणि डबीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रकारचेच ऑइल भरावे. डॉट ३ किंवा डॉट ४ असलेल्या ठिकाणी सिलिकॉनचे डॉट ५ चालत नाही. पायडल मऊ राहिले, तर वाहन बाहेर काढू नये.

नवे पॅड बसण्यासाठी मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० किमी वेगावरून साधारण १० पर्यंत मध्यम ब्रेकने वेग कमी करावा, मध्ये थोडे अंतर चालवून ब्रेक थंड होऊ द्यावेत, आणि असे आठ-दहा वेळा करावे. पॅड निर्मात्याने वेगळी पद्धत दिली असेल, तर तीच पाळावी. त्यानंतर ब्रेकचा फारसा वापर न करता काही किलोमीटर जाऊन थांबावे आणि दोन्ही मागच्या चाकांच्या डिस्कचे तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजावे. तो नसेल, तर रिमजवळ हात नेऊन तुलना करावी, डिस्कला मात्र हात लावू नये. दोन्हींत थोडा फरक चालतो. डावी बाजू स्पष्टपणे अधिक तापलेली असेल, तर पिना आणि ब्रॅकेट स्वच्छ झालेले असल्याने आता कॅलिपर, होज आणि हँडब्रेकची केबल एवढेच उरते, आणि वरची निपलची चाचणी पुन्हा केली की त्यांपैकी होज दोषी आहे की नाही, हे कळते.