कार्ब्युरेटरच्या कामावर घर चालेल का?

प्रश्न: मुलगा यंदा बारावी सायन्स झाला. इंजिनिअरिंगला जायचं नाही म्हणतो. इथल्या एका गॅरेजमध्ये जुन्या गाड्यांचे कार्ब्युरेटर पुन्हा नव्यासारखे करून देतात, तिथेच काम शिकायचंय त्याला. एवढ्याशा वस्तूचे लोक हजारो रुपये का मोजतात? आणि यावर त्याचं पुढे भागेल का? – एक आई, कोल्हापूर

उत्तर: ताई, पहिला प्रश्न आधी घेते, कारण दुसऱ्याचं निम्मं उत्तर त्यातच आहे. कार्ब्युरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा ठरावीक प्रमाणात मिसळून इंजिनला देणारा भाग.

गॅस्केट, फ्लोटची निडल, डायफ्रॅम अशा झिजणाऱ्या सुट्या भागांचं तयार किट मिळतं, पण बिलातला मोठा आकडा त्याचा नसतो, लागलेल्या तासांचा असतो. जुन्या पद्मिनी कारवरचा सोलेक्स कंपनीचा कार्ब्युरेटर घ्या. गाडी उभी असताना (आयडलिंगला) इंजिन थरथरतं म्हणून मालक गाडी आणतो. पुष्कळदा जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे तुकडे, ठीकच असतात. हवेची झडप (थ्रॉटल) ज्या दांड्यावर असते तो स्पिंडल ज्या भोकात फिरतो, ते घासून लंबगोल झालेलं असतं. तिथून जादा हवा शिरते आणि मिश्रण पातळ होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं. मग किट कितीदाही बदला, उपयोग नाही. ते भोक रीमर या हत्याराने मोठं करून त्यात लेथवर (धातू कातण्याच्या यंत्रावर) काढलेले बुश, म्हणजे छोट्या नळ्या, बसवावे लागतात, तेही समोरासमोर अगदी एका रेषेत. नाहीतर स्पिंडल अडकतो. बोल्ट जास्त आवळून वाकलेली फ्लँज, म्हणजे इंजिनला बसणारी कड, सपाट करायची. जेटवर १२५ लिहिलंय म्हणजे भोक १.२५ मिलिमीटर, तार खुपसून साफ केलं की माप बिघडलंच. एमजी किंवा जुन्या जॅग्वारचे जोडीचे एसयू कार्ब्युरेटर असले, तर दोन्ही सारखी हवा ओढतात ना, हे जुळवण्यात आणखी वेळ जातो. मला या कामाबद्दल फार आदर आहे.

तरीही स्पष्ट सांगते, फक्त कार्ब्युरेटरवर संसार उभा करू नये. नव्या कारमधून तो २००० सालाच्या आसपास गेला, बहुतेक नव्या बाइकमधून एप्रिल २०२० च्या बीएस-६ या प्रदूषण नियमांनंतर. त्याआधीच्या बाइक अजून रस्त्यावर आहेत, पण ते काम स्वस्तातलं आणि दरवर्षी कमी होणारं. २०२१ च्या नियमानुसार ५० वर्षांपुढच्या गाडीची विंटेज म्हणून नवी नोंदणी करायला २०,००० रुपये पडतात, आणि ती रोज चालवता येत नाही. असे हौशी मालक चांगल्या कामाला पैसे देतात, पण ते मोजकेच. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने मिश्रण आणखी पातळ होतं, जुनं रबर खराब होतं. त्यामुळे जाणकार हात त्यांना लागतील.

म्हणून माझा सल्ला: त्याला आयटीआयला घाला, पण मोटर मेकॅनिकऐवजी टर्नर किंवा मशिनिस्टला. दोन वर्षांचा कोर्स आहे. गाडीचं काम गॅरेज शिकवेलच. माप आणि लेथ तिथे नीट शिकवायला कुणाला वेळ नसतो. कार्ब्युरेटर आले नाहीत त्या महिन्यात उद्यमनगरातल्या कारखान्यांत या हाताला काम मिळेल. पुढे मन बदललं तर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो.

होकार देण्याआधी तुम्ही स्वतः त्या गॅरेजमध्ये जाऊन या. बुश कोण बनवतं, विचारा. लेथ तिथेच असेल आणि उस्ताद पोरांना त्यावर उभं करत असतील, तर संध्याकाळी त्याला खुशाल पाठवा. नुसता सफाईचा स्प्रे मारून किट बदलत असतील, तर दुसरं गॅरेज शोधा.