आई-बाबांना घेऊन फ्रान्स-इटलीला जातोय, घरच्यासारखं शाकाहारी जेवण कुठे मिळेल?

तुम्ही लिहिलंय की आई-बाबा दोघंही सत्तरीचे, पक्के शाकाहारी, टूरबरोबर न जाता पंधरा दिवस स्वतःच फिरणार, आणि पॅरिस, नीस, रोममधल्या इंडियन रेस्टॉरंटची यादी हवी आहे. आम्ही २०२३ च्या मे महिन्यात माझ्या आई-बाबांना घेऊन जवळपास याच वाटेने गेलो होतो. दोघं ठाण्याच्या नौपाड्यातले, बाबांची जीभ मामलेदारच्या मिसळीवर वाढलेली. त्यामुळे तुमची काळजी कळते. पण यादी देत नाही. आमच्याकडे होती, तीन पानांची, चौथ्या दिवशी आईने तिच्यात चपला गुंडाळल्या.

पॅरिसमध्ये लागोपाठ दोन रात्री अशा हॉटेलांत जेवलो. पनीरला काजूची गोडुस ग्रेव्ही, डाळीवर क्रीम, सोबत नान. परतताना बाबा म्हणाले, "हे आपण गोखले रोडवर तरी कधी खातो का गं?" खरंच होतं. चौथ्या दिवशी जी आठवण येते ती पनीरची नसते. मऊ भात, हिंगाची फोडणी दिलेलं वरण, वर तूप आणि लिंबाची फोड. हे त्या हॉटेलांच्या मेनूत नसतंच.

म्हणून आधी राहायची जागा स्वयंपाकघरवाली बघा. हॉटेलच्या खोलीत फोडणी करायच्या भानगडीत पडू नका, धुराचा अलार्म वाजतो. आणि भांडं नेणार असाल तर त्याच्या बुडाला लोहचुंबक लावून बघा. आईने जांभळी नाक्यावरून मुद्दाम तीन लिटरचा ॲल्युमिनियमचा कुकर घेतला होता. पॅरिसच्या घरात निघाली इंडक्शनची शेगडी. कुकर ठेवला की ती टुकटुक करायची आणि बंद पडायची, कारण इंडक्शनला लोहचुंबक चिकटेल असंच बूड लागतं. पुढचे बारा दिवस कुकरात मोजे ठेवले.

कुकरवाचून अडलं मात्र काहीच नाही. तूरडाळ तिकडे साध्या दुकानात दिसत नाही, पण सोललेली मसूर बहुतेक सुपरमार्केटात असते. फ्रान्समध्ये 'लांतीय कोराय' आणि इटलीत 'लेंतिक्ये रोस्से' असं पाकिटावर लिहिलेलं असतं. ती साध्या पातेल्यात वीस मिनिटांत शिजते. इटलीत तांदूळ आर्बोरियो घ्या. मोकळ्या भाताला बेकार, पण पाणी जास्त घालून शिजवला तर आपल्या मऊ भाताच्या फार जवळ जातो. कुसकुस म्हणजे गव्हाच्या रव्याचे बारीक दाणे, त्यावर नुसतं उकळतं पाणी ओतून झाकलं की पाच मिनिटांत फुलतो. त्यावर मोहरी-जिऱ्याची फोडणी, झाला नाश्त्याचा उपमा.

तूप इथून नेऊ नका. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून प्रवाशांनी दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, त्यात तूप, पेढे, खवा सगळं आलं. ताजा कढीपत्ता, आंबेसुद्धा नकोत. पण फ्रान्समध्ये तूप न्यायचं म्हणजे नाशिकला द्राक्षं न्यायची. बिनमिठाचं लोणी घ्यायचं आणि कढवायचं. आईने पहिल्याच सकाळी पाव किलो कढवलं, घरभर तो वास, तळाशी तांबूस बेरी. बेरीत साखर घालून बाबांनी ती उभ्या उभ्याच संपवली, आणि त्यानंतर आईचा चेहरा जरा सैल झाला.

आता माझ्या मते खरी मजा. तिकडच्या लोकांच्याच जेवणात आपले नातेवाईक शोधा, आणि त्यासाठी बेसन हा धागा धरा. नीसच्या जुन्या भागात 'सोका' मिळतो. बेसन, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ, बस्स. तांब्याच्या भल्या मोठ्या परातीत ओतून लाकडाच्या भट्टीत भाजतात, वर डाग पडले की खरवडून कागदात देतात आणि मिरपूड भुरभुरतात. बाबांनी एक तुकडा मोडला, वास घेतला, आईकडे बघून म्हणाले, "धिरडं आहे. मिरची घालायला विसरलेत." आईने पर्समधून लसणीच्या चटणीची डबी काढली. शेजारच्या टेबलावरच्या आजींनी बोटाने विचारलं, हे काय? आईने चिमूटभर दिली. आजी खोकल्या, पाणी प्यायल्या, आणि परत हात पुढे केला! नीसमध्ये तीन दिवस होतो, तिन्ही दिवस दुपारी तेच जेवण.

हाच प्रकार जेनोवाला 'फारिनाता' नावाने मिळतो. सिसिलीतल्या पालेर्मोला जाणार असाल तर 'पाने ए पानेल्ले' चुकवू नका. बेसन शिजवून, थापून, वड्या पाडून तळतात, म्हणजे आपली पाटवडीच, आणि तीळ लावलेल्या पावात घालून वर लिंबू पिळतात. सोबत बटाट्याचे तळलेले क्रोके घालून मागता येतात. वडापावचा सख्खा मावसभाऊ. आम्हाला तिथवर जमलं नव्हतं, नंतर नवरा ऑफिसच्या कामाने जाऊन खाऊन आला, बाबा अजून त्याच्यावर रुसलेत.

रोममध्ये इथिओपियन किंवा एरिट्रियन जेवणाची जागा शोधा. हे अनपेक्षित वाटेल. त्यांचा 'शिरो' म्हणजे कडधान्याच्या भाजलेल्या पिठाचं तिखट पिठलं, आणि 'इंजेरा' ही आंबवलेल्या पिठाची, जाळी पडलेली मोठी आंबोळी. त्यांच्या ऑर्थोडॉक्स पंथात बुधवार-शुक्रवार उपास असतो, उपासाला मांस, दूध, अंडं काहीच चालत नाही. त्यामुळे भाज्या-डाळींचं 'बेयायनेतु' नावाचं ताट त्यांच्याकडे असतं. हाताने खायचं, एका ताटात. आईला ते एकत्र ताट रुचलं नाही, तिने बाजूला वाढून घेतलं, पण शिरो दोनदा मागवला.

बाकी किरकोळ. हिरव्या मिरच्या, कोथिंबीर, भेंडी रोमला तेर्मिनी स्टेशनजवळच्या एस्क्विलिनो बाजारात मिळतात. पॅरिसला गार दू नोर स्टेशनच्या मागे ला शापेलला श्रीलंकन तमिळ दुकानं आहेत, तिथे तूरडाळ, कढीपत्ता, इडली-डोसा. इटलीत रिसोतो किंवा सूप मागताना मांसाच्या 'ब्रोदो'त, म्हणजे मांस उकळलेल्या पाण्यात, शिजवलंय का ते विचारा. पार्मेजान चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट (दूध घट्ट करणारं विरजण) असतं, तेव्हा आई-बाबा काटेकोर असतील तर ते आणि तसलंच चीज घातलेली पेस्तो चटणी दोन्ही टाळा.

इथून न्यायचं ते थोडंच: मेतकूट, गोडा मसाला, भाजणी, लसणीची चटणी, हिंग. मसाले वाशीच्या मसाला मार्केटातून घेतले तर सीलबंद पाकिटातले घ्या, सुटे नकोत. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या नेऊ नका, त्यातल्या तेलामुळे त्या आपोआप पेट घेऊ शकतात म्हणून विमानात चालत नाहीत. लोणचं चेक-इन बॅगेत टाका. येताना दुबईला उतरणार असाल तर अनारसे, करंज्या बरोबर नकोत, खसखशीला तिथे बंदी आहे. आणि हिंगाची डबी दोन पिशव्यांत बांधून वर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. आम्ही एकाच पिशवीत बांधली होती. बाबांचा स्वेटर तीनदा धुतलाय, पावसाळी हवेत अजून वास येतो.