पगार जिथून येतो, तिथेच सगळी पुंजी नको

नमस्कार. तुम्ही लिहिलंय की निवृत्तीला सहा वर्षं उरलीत, कंपनी कर्मचाऱ्यांना बाजारभावापेक्षा १५ टक्के कमी दराने शेअर देतेय, तीन वर्षांत तो शेअर दुप्पट झालाय. म्हणून सगळ्या मुदत ठेवी मोडून पैसे त्यातच घालायचा विचार आहे, आणि पत्नीचा त्याला विरोध आहे.

मी त्यांच्या बाजूने आहे. कंपनी चांगली असेल, तुम्ही तिला आतून ओळखत असाल, हे मान्य. पण तुमचा पगार, बोनस, विमा आधीच तिच्या भरवशावर आहे. तिचे दिवस फिरले तर शेअर पडेल आणि नोकरकपातही तेव्हाच होईल. अमेरिकेत एन्रॉन या बड्या ऊर्जा कंपनीच्या लोकांचं हेच झालं. ऑगस्ट २००० मध्ये ९० डॉलरवर गेलेला शेअर नोव्हेंबर २००१ संपता संपता एका डॉलरखाली आला, २ डिसेंबरला कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. हजारोंच्या नोकऱ्या गेल्या, आणि कर्मचाऱ्यांच्या निवृत्तीच्या पैशाचा निम्म्याहून मोठा हिस्सा त्याच शेअरमध्ये होता. तीही कंपनीला आतून ओळखणारीच माणसं होती.

शेअर ५० टक्के पडला, तर मूळ भावाला यायला १०० टक्के वाढावा लागतो. ८० टक्के पडला, तर ४०० टक्के. तिशीतला माणूस वाट बघू शकतो, तुमच्याकडे तेवढी वर्षं नाहीत.

१५ टक्क्यांची सवलत मात्र सोडू नका. मासिक बचतीतून झेपेल तेवढे शेअर घ्या. विकायला बंधन किती आणि कर किती, हे आधी विचारा. बंधन नसेल तर वेळोवेळी विकून फायदा पदरात पाडून घ्या. आधीचे धरून हे शेअर एकूण पुंजीच्या १० टक्क्यांवर जाऊ देऊ नका.

सगळं ठेवींतच ठेवणंही मला पटत नाही. महागाई ६ टक्के राहिली तर १२ वर्षांत खर्च दुप्पट होतो. दोन वर्षांचा घरखर्च ठेवीत राखा आणि उरलेल्यातला काही भाग, मुदत संपेल तसतसा, अनेक उद्योगांत पसरलेल्या इंडेक्स फंडात, म्हणजे बाजाराच्या निर्देशांकातले सगळे शेअर थोडे थोडे घेणाऱ्या फंडात, वळवा.

शेअर आणखी वर गेला तर चुटपुट लागेल, पण त्याने घर चालायचं थांबणार नाही. हा हिशेब पत्नीसोबत बसून करा. त्यांनी नेमकी कशाची भीती बोलून दाखवली, ते पुढच्या पत्रात जरूर लिहा.