चितळाच्या शिंगाला पट्टी कुठे लावायची?

बडोद्याचा मुलगा टेक्सासात चितळाच्या शिकारीला निघतो आणि शिंगाचं माप ग्वाल्हेरच्या म्हाताऱ्याला विचारतो, हे वाचून आधी हसूच आलं. पण प्रश्न रास्त आहे. जूनमध्ये मित्रांबरोबर एका रँचवर जायचंय, तिथे ३० इंचांखालचा नर पाडला तर दंड आहे, आणि शंभर यार्डांवर उभ्या जिवंत जनावराच्या शिंगाला टेप लावायचा कसा, असं तुझं म्हणणं.

आधी सांगतो, मी बंदूकवाला नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा मी शाळेत होतो, आपल्याकडचा शिकारीचा विषय तिथेच मिटला. आजोबा मात्र शिंदे सरकारच्या शिकारीत हाक्याचा, म्हणजे आरडाओरडा करून जनावर शिकाऱ्याकडे हुसकण्याचा, बंदोबस्त बघायचे, आणि ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या आमच्या घरात "ते शिंग ३३ होतं की ३५" यावरून पानातला भात निवायचा. ते जिथे हाका लावायचे ते शिवपुरीचं जंगल आता माधव राष्ट्रीय उद्यान आहे, २०२५ पासून व्याघ्र प्रकल्पही. तिथे मी तीसेक वर्षं दुर्बीण घेऊन जातोय. अंदाज बांधायची खोड घरचीच.

तुमच्याकडे ज्याला 'ॲक्सिस' म्हणतात ते आपलंच चितळ, १९३२ मध्ये तिकडे नेऊन सोडलेलं. शिंगाचा थाट तोच: मुळाशी पुढे आलेला एक फाटा, मग लांब बाकदार दांडा, आणि वर त्याचे दोन फाटे. एका बाजूला तीन टोकं झाली की झालं, त्यामुळे टोकं मोजत बसू नकोस. तुझा प्रश्न दांड्याच्या लांबीचा आहे. मुळाच्या खडबडीत कड्यापासून वरच्या लांब टोकापर्यंत, टेप बाहेरच्या वळणावरून. तुझे मित्र '१५०', '१७०' असले आकडे टाकतात ते व्हाइटटेलचे, म्हणजे तिकडच्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाचे. त्यात दोन्ही दांडे, सगळे फाटे, प्रत्येक बाजूचे चार घेर आणि दोन दांड्यांमधलं आतलं अंतर अशी सगळी बेरीज असते. शिंगांच्या विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकेतल्या बून अँड क्रॉकेट क्लबच्या कायमच्या यादीत साध्या, म्हणजे नेहमीच्या घाटाच्या, जोडीला १७० लागतात. ते गणित इथे आणलंस तर गोंधळ होईल.

आता पट्टी. पट्टी जनावराच्या तोंडावरच असते: कान. रँचवर पोचलास की भिंतीवर टांगलेल्या मुंडक्याचा कान मोजू नकोस, पेंढा भरताना कातडं आकसतं, ताणलं जातं, तो कान खोटा. कोणी ताजा नर आणला असेल तर त्याचा कान मुळापासून टोकापर्यंत मोज, आणि डोळ्याच्या पुढच्या कडेपासून नाकाच्या टोकापर्यंतचं अंतरही मोज. नाहीच मिळालं तर तिथल्या जुन्या गाइडला विचार, त्याला तोंडपाठ असेल. समज कान ६ इंच निघाला. मग ३० इंच म्हणजे पाच कान. दुर्बिणीतून बघताना मनातल्या मनात कान उचलून दांड्यावर लावत जायचं: एक, दोन, वळणावर तीन... सरळ रेषेत नाही हं, वळणाबरोबर. समोरून सरळ उंचीत चारच कान दिसतात आणि नवखा माणूस चांगला नर सोडून देतो.

उलटी चूक जास्त होते. माझीच सांगतो. इथल्या प्राणिसंग्रहालयात एक नर होता, जाळीबाहेरून मी छातीठोकपणे ३५ सांगितले. पुढे त्याची शिंगं गळाली तेव्हा रखवालदाराने एक हातात दिलं. टेप लावला तर साडेअठ्ठावीस! साडेसहा इंच कुठे गेले? नंतर जुने फोटो काढून बघितले. प्रत्येक फोटोत त्याने कान मागे पाडलेले. म्हणजे पट्टीच मुडपलेली, आणि मी तीच लावत बसलो होतो. शिवाय तो पोरगेलासा होता, मान सडसडीत, पोट आत. लहान अंगावर मध्यम शिंगसुद्धा राजाचं वाटतं. त्या दिवसापासून कान टवकारलेला दिसेपर्यंत मी आकडा बोलत नाही.

म्हणून आधी अंग बघ, मग शिंग. जुना नर मानेला जाड, छातीत भरलेला, तोंडावर काळपट असतो. त्याच्या डोक्यावर शिंग बेतास बात वाटलं तरी कान मोजून घे, तिथेच ३२-३३ निघतात. पूर्ण वाढलेला नर खांद्याला साधारण तीन फूट. शिंग सरळ करून पुढच्या पायाशी उभं केलं तर खांद्याला लागेल असं वाटलं तर ते ३६ च्या घरातलं. तसा दिसला तर मित्रांना हाक मारू नकोस, आधी श्वास घे. आणि कळपातल्या दुसऱ्या नराशी तुलना नको. दोन पोरांमध्ये उभा असलेला कोणीही मोठाच दिसतो.

बाजू दोन्ही बघाव्या लागतात. समोरून फक्त पसारा कळतो, दांडा मागे किती गेलाय ते लपतं. आडवा उभा राहिला की मागचा बाक आणि वरचा पुढे आलेला झोक दिसतो, लांबीचा आकडा तिथेच ठरतो. पाठमोरा, पळता नर मोजायचाच नाही, त्या वेळी सगळीच शिंगं आभाळाला टेकतात. पातळ दांडा लांब वाटतो, जाड दांडा आखूड. शिंगावर मखमलीसारखं कातडं असेल तर शिंग अजून वाढतंय, आकडा सांगण्यात अर्थ नाही. आमच्या मध्य प्रदेशात चितळाची शिंगं ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास गळतात, टेक्सासात वर्षभर पुढेमागे चालतं, पण जूनमध्ये कडक शिंगाचे नर तुला पुष्कळ दिसतील.

एक ताकीद. हे सगळं गळ्यातल्या दुर्बिणीतून. बंदुकीवरच्या दुर्बिणीतून मापं काढणारे लोक मी ऐकलेत. शिंगामागच्या झुडपात माणूस असला तर?

जायच्या आधी घरीच सराव कर. मोबाइलवर आडव्या उभ्या चितळाचा फोटो मोठा कर, शिवणाचा दोरा घेऊन शिंगाच्या वळणावरून ठेव, नखाने चिमटीत पकड, मग तोच दोरा कानावर किती वेळा बसतो ते बघ. आधी नजरेने आकडा लिहायचा, मग दोरा. पन्नास फोटो झाले की तू नेहमी वर जातोस की खाली ते कळेल. मी अजूनही दोन इंच वर जातो, म्हणून मनात आलेल्या आकड्यातून दोन वजा करतो. दंडाची भानगड आहे तर तू ३३ वाटल्याशिवाय बोट हलवू नकोस.

ताज्या नराचा कान मोजलास तर मला नक्की कळव. माझ्या वहीत शिवपुरीचे रकाने भरलेत, टेक्सासचा एकही नाही.