थांबायचं कसं, ते सांगतो

अंबाजोगाई

लेकरा, अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू अर्धंच बोललास आणि "जाऊ द्या काका" म्हणून विषय बदललास. पण मला कळायचं ते कळलं. धाराशिवहून निघायला उशीर झाला. रात्री दहाच्या पुढं मांजरसुंब्याच्या घाटात एकानं हात केला. त्याची गाडी कडेला उभी होती. तू क्लच दाबलास, त्याच्या अंगावर उजेड पडला, आणि तू पुन्हा मूठ पिळलीस. बीडला पोचून जेवण मागवलंस आणि ताट तसंच ठेवलंस. चुकलं का, एवढंच तुला विचारायचं होतं.

हे फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहितोय. तू माझ्याच लाईनीत आलास. औषधांची बॅग टाकीवर बांधून मी 33 वर्षं मराठवाडा फिरलो, किनवटपासून परांड्यापर्यंत. त्यामुळं रस्त्याच्या चार गोष्टी मला सांगता येतील. औषधं विकायचं तू माझ्यापेक्षा बरं करतोस.

आधी माझंच सांगतो. 1998 सालची गोष्ट. परळीहून अंबाजोगाईला येत होतो, दिवेलागणीची वेळ. रस्त्याच्या खाली लुना आडवी पडलेली आणि शेजारी एक माणूस पालथा. पिऊन पडला असेल, असं मी माझ्या मनाला सांगितलं. दोनदा सांगितलं, म्हणजे पहिल्यांदा मलाच पटलं नव्हतं. स्टॉकिस्टचं, म्हणजे औषधांच्या घाऊक विक्रेत्याचं, दुकान आठला बंद व्हायचं आणि मला ऑर्डर घ्यायची होती. पावणेआठला पोचलो. तो म्हणाला, "एवढं धावत कशाला आलाव? उद्या आला असतात तरी चाललं असतं." दुसऱ्या दिवशी सकाळी मुद्दाम त्या रस्त्यानं परत गेलो. एक चप्पल होती आणि दिव्याच्या फुटक्या काचा. माणसाचं काय झालं ते आजवर मला ठाऊक नाही. तुला तुझ्या घाटातल्या माणसाचंही बहुधा कळणार नाही. ते तसंच सोबत राहतं.

पण तुझं आणि माझं एक नाही. तुझ्या वेळी काळोख होता, घाट होता, तू एकटा होतास, आणि लुटालुटीच्या गोष्टी तू ऐकलेल्या. मला ऑर्डरीची घाई होती. त्यामुळं तू गाडी पुढं काढलीस याबद्दल मी तुला बोल लावणार नाही. घाट संपल्यावर पहिल्या धाब्यावर का थांबला नाहीस, ते मात्र विचारीन. तिथं दहा माणसं जागी असतात. "मागं एक जण अडकलाय" एवढं सांगितलं असतंस तर दोघं गाडी काढून गेले असते, नाहीतर एखाद्या ट्रकवाल्याला निरोप गेला असता. 112 ला फोन करायचा, किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगायचा आणि गाडीचं तोंड कुठल्या गावाकडं आहे ते सांगायचं. थांबणं म्हणजे त्या माणसाच्या पुढ्यात जाऊन ब्रेक दाबणं एवढंच नसतं. रात्री मी स्वतः कधीच शेजारी थांबलो नाही. शंभर-दीडशे पावलं पुढं जायचं, गाडी चालू ठेवायची, आरशात बघायचं आणि ओरडून विचारायचं, "काय झालं हो?" खरा अडकलेला माणूस जागेवरूनच सांगतो. चेन तुटली, पेट्रोल संपलं, असं काहीतरी. तो तुझ्याकडं पळत येत नाही, कारण गाडी सोडायला त्याचा जीव होत नाही.

आणि थांबलास तर आधी हेल्मेट काढ. अंधारात काच खाली ओढलेला माणूस जवळ आला तर अडकलेल्याचीही छाती धडधडते, हे आपल्या लक्षातच येत नाही. स्कूटीवरची एखादी मुलगी असली तर लांबूनच बोल. तिला घरी फोन लावू दे, तुझ्या गाडीचा नंबर घरच्यांना सांगायला सांग आणि कुणी येईपर्यंत रस्त्याच्या पलीकडं उभा राहा. गाडी दुरुस्त करायला गेलंच पाहिजे असं काही नाही.

आता मला हे कुणी शिकवलं ते सांगतो. 1994 चा श्रावण. गंगाखेडहून पालममार्गे लोह्याला निघालो होतो. एका हॉटेलात कुणीतरी सांगितलं, आडरस्त्यानं गेलात तर अर्धा तास वाचतो. आपल्या काळ्या मातीचं तुला काय सांगायचं? पाचशे फूट गेलो असेन नसेन, पुढच्या मडगार्डात चिखल असा ठासला की चाक फिरेना. गिअर टाकला की मागचं चाक जागेवर गरगरायचं आणि पुढचं नांगराच्या फाळासारखं रुतायचं. बोटांनी उकरून बघितलं, काडीनं बघितलं. एक मूठ काढावी तर चार पावलांत दोन मुठी भरायच्या. वरून भुरभुर पाऊस, अंगावर टाय. होय, तेव्हा आम्ही लोह्याला जातानासुद्धा टाय बांधायचो.

मागून एक एम-एटी आली, दोन्ही अंगांना दुधाच्या किटल्या. थांबला. माझ्याकडं बघितलं, टायकडं बघितलं.

"कुठं चाललाव?"

"लोह्याला."

"ह्या वाटंनं जा म्हणून कुणी सांगितलं?"

मी गप्प बसलो. सांगणारा ह्याच्याच गावचा निघायचा. त्यानं बांधावर रचलेल्या जुन्या तुराट्यांतली एक उपसली, गुडघ्यावर मोडली आणि तिच्या टोकानं मडगार्ड मोकळं करायला लागला. मी म्हणालो, "मी करतो." तो म्हणाला, "तुमचे हात डॉक्टरांपुढं न्यायचे हायत." थोड्या वेळानं त्यालाच पटलं की हे पुरणार नाही. मग माझ्या टूलकिटमधला दहाचा पाना घेऊन त्यानं सरळ मडगार्डच खोललं आणि बॅगेवर बांधलं. "आता चिखल डोळ्यात जाईल, पण घरी जाल."

पुढं एक ओढा होता. तो आधी उतरला, किटल्या सांभाळत पलीकडं चढला. मला वाटलं, गेला. तर त्यानं पलीकडच्या काठावर गाडी वळवली, दिव्याचं तोंड ओढ्याकडं केलं आणि पाय टेकून उभा राहिला. त्या पिवळ्या उजेडात मला पाण्यातले धोंडे दिसले. मी वर आलो तसं त्यानं हँडल फिरवलं. किटल्यांचा आवाज बराच वेळ ऐकू येत होता. त्या दिवशी त्याचं दूध डेअरीत घेतलं की नाही, कोण जाणे.

चिखल काढून देणारी माणसं मला नंतरही भेटली. पण वळून उभा राहिला, ते त्यानंच केलं. कुणाची गाडी चालू करून दिलीस तर लगेच निघून जाऊ नको. चार-पाच किलोमीटर त्याच्या पुढं हळूहळू चाल आणि आरशात त्याचा दिवा येतोय का ते बघत राहा. जुगाड केलेली गाडी पहिल्या दोन किलोमीटरमध्येच पुन्हा बंद पडते, हे कुठल्याही मेकॅनिकला विचार.

तू फोटो पाठवला होतास ना, तुमच्या ग्रुपचा, सगळे काळी जॅकेटं घालून वेरूळला उभे? चांगलं आहे. समोरून तुमच्यासारखा दिसला की डावा हात खाली काढून सलाम करता, तेही बघितलं मी. पण एक टोचलं. त्याच रस्त्यावर जुन्या स्प्लेंडरवर बायको, दोन लेकरं आणि गव्हाचं पोतं घेऊन निघालेला माणूस असतो. तुमचा हात त्याच्यासाठी वर होत नाही. गाडी बंद पडली तर पहिला थांबणार तोच आहे. त्याच्याकडं तारेचा तुकडा असतो, पक्कड असते आणि वेळही असतो. समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदीच आहे, तेव्हा तुमची अडीच लाखांची गाडी आणि त्याची तीस हजारांची, दोघांना खालचाच रस्ता. बरंच आहे. खालच्या रस्त्यावर चहा मिळतो.

आपल्या लोकांची इशाऱ्यांची भाषा मात्र मला फार आवडते. अनोळखी माणूस जीव तोडून मागं येतो, का, तर तुझं स्टँड खाली राहिलंय. "ताई, पदर!" म्हणून ओरडतो आणि तसाच पुढं निघून जातो. 1 एप्रिल 2017 पासूनच्या नव्या दुचाकींचा दिवा कायम चालूच असतो, तो बंद करायचं बटणच नाही. तरी आमच्या वयाची माणसं अजून भरदुपारी बोटं उघडझाप करून सांगतात, दिवा चालू राहिलाय म्हणून. चिडू नको. मान हलव.

खरं काम कुणी बघत नसताना असतं. बंद पडलेल्या ट्रकमागं ड्रायव्हर दगडं लावतो, ट्रक निघून जातो आणि दगडं तिथंच राहतात. चारचाकीला त्याचं काही वाटत नाही, आपला मात्र त्यात जीव जातो. दिवसा दिसला की उतरून दगड कडेला टाकायचा. दोन मिनिटं लागतात. दिवाळीपासून कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या रात्रभर चालतात. मागं दिवा नाही, ऊस दोन हात बाहेर आलेला. मी बॅगेत लाल रेडियमची गुंडाळी ठेवायचो. चहाच्या टपरीवर गाडीवान भेटला की विचारायचं, "लावू का मागं?" नाही म्हणणारा मला एकच भेटला, आणि त्यालाही शंका होती की मी पैसे मागीन.

अपघाताचं थोडक्यात सांगतो, पण लक्षात ठेव. आधी आपली गाडी मागं, लांब, दिवे लुकलुकत उभी कर, नाहीतर दुसरा अपघात तुझ्यावरच होईल. मग 108. जखमीला बसवायचं नाही, पाणी पाजायचं नाही. आपल्याकडं सगळे आधी पाणीच आणतात. हेल्मेट ओढून काढायचं नाही. श्वासच अडला असेल तर दोघांनी मिळून, एकानं मान धरून. रक्त वाहत असेल तिथं स्वच्छ कापड घट्ट दाबून धरायचं आणि उचलून-उचलून बघायचं नाही. मी तरुणपणी एकाला खांद्या-पायांना धरून जीपमध्ये टाकलं होतं, पुण्य केलं म्हणून. नंतर एका डॉक्टरांनी मणक्याचं समजावून सांगितलं, तेव्हा घाम फुटला.

पोलिसाची भीती मनातून काढून टाक. 30 मार्च 2016 ला सर्वोच्च न्यायालयानं मदत करणाऱ्याला त्रास देऊ नये यासाठीच्या सूचना बंधनकारक केल्या आणि 2019 च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यातच कलम 134 अ आलं. चांगल्या मनानं मदत केली तर तुझ्यावर खटला नाही. नाव सांगायची सक्ती नाही. आमच्या वेळी हे नव्हतं. 1998 साली मला तीही भीती होती, हे आता कबूल करतो.

बॅगेत चेन लॉक (तुटलेली चेन जोडायची कडी), प्लग, प्लग पाना, पंक्चरचं सामान, छोटा पंप, तार, हातभर दोरी ठेव. तुझ्या नव्या गाडीला यातलं निम्मं लागायचं नाही. ते तुझ्यासाठी नाहीच. पूर्वी पेट्रोल द्यायचं सोपं होतं, कॉकची नळी काढली की बाटली भरायची. तुझ्या गाडीत पेट्रोल ढकलणारा पंप टाकीच्या आत, नळीत दाब. ती काढायला जाऊ नको. त्यापेक्षा त्याला मागं बसवून पंपावर ने आणि परत आणून सोड. पाय लावून दुसऱ्याची गाडी ढकलत नेणं आम्ही पुष्कळ केलं. आताच्या चौपदरी रस्त्यावर करू नको, मागून येणाऱ्या गाडीचा वेग बघ.

पैसे कुणी दिले तर घेऊ नको, चहा दिला तर नाकारू नको. रेणापूरजवळ एकाच्या गाडीची चेन बसवून दिली, तर तो शेतात पळाला आणि ढाळ्याची, ओल्या हरभऱ्याची, पेंडी उपटून आणली. मी नको-नको म्हणत होतो. त्याचा चेहरा पडला. मग हँडलला बांधून घेतली आणि लातूरपर्यंत खात गेलो. घ्यायलाही जमलं पाहिजे. तुझं घोडं इथंच अडतं. गेल्या महिन्यात पंक्चर झालं तेव्हा दोघं थांबले आणि तू "ठीक आहे, ठीक आहे" म्हणून त्यांना पिटाळलंस. मग दोन किलोमीटर गाडी ढकलत नेलीस. कशासाठी?

येळवस, आपली शेतात जेवायची वेळ अमावास्या, जवळ आली. काकूचं भज्जी-आंबिलीचं नियोजन सुरू झालंय. आपलं शेत रस्त्याला लागून आहे. दरवर्षी चार-दोन अनोळखी गाडीवाले हाका मारून बांधावर बसवतो आणि जेवल्याशिवाय सोडत नाही. या वर्षी हाका मारायला तू ये, माझा आवाज आता पोचत नाही. केजवरून येणार असशील तर उजेडात ये. ट्रॅक्टरांनी रस्त्यावर माती सांडून ठेवली आहे आणि दव पडलं की ती साबणासारखी होते.

निघताना मिस्ड कॉल दे, पोचल्यावर नको. पोचल्यावर तू समोरच असशील.

तुझा,
काका